परक्या शहरातल्या रात्री, मैत्री आणि मुळशीचे पाणी

"बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे." हे वाक्य आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक जयंतीत, प्रत्येक अभ्यासवर्गात ऐकू येते. वाक्य खरे आहे. पण गेल्या काही वर्षांत त्याचा वापर चाबकासारखा होऊ लागला आहे. शिष्यवृत्ती मिळवून लंडनला किंवा मेलबर्नला गेलेल्या आपल्या एखाद्या पोराने रात्री मित्रांसोबत नदीकाठी काढलेला फोटो टाकला, की खाली लगेच प्रश्न येतो : "बाबासाहेबांनी असे केले असते का?" पोरगी असेल तर प्रश्न याहून वाईट असतो. आम्ही मुळशी तालुक्यात, पौडपासून हिंजवडीपर्यंतच्या वस्त्यांवर, तरुणांमध्ये काम करतो. हा प्रश्न विचारणारे आपलेच लोक असतात आणि त्यांचा हेतूही बहुतेक वेळा चांगला असतो. म्हणून त्याला रागाने नाही, इतिहासाने उत्तर द्यावे असे आम्हाला वाटले.

बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले जुलै 1913 मध्ये. वय बावीस. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि 4 जून 1913 च्या करारात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. कोलंबिया विद्यापीठात ते आधी हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण रुचले नाही, म्हणून आठवड्याभरात कॉस्मॉपॉलिटन क्लबच्या निवासात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. हा भथेना पुढे जन्मभराचा मित्र झाला. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊच.

चरित्रकारांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, पण आपल्या व्याख्यानांतून ती नेहमी गाळली जाते. न्यूयॉर्कमधले सुरुवातीचे काही महिने बाबासाहेबांनी तिथल्या इतर तरुणांसारखेच घालवले. खेळ, नाटके, हिंडणे, उशिरापर्यंत गप्पा. मग एका रात्री त्यांनी मनाशी हिशेब मांडला : आपण इथे कशासाठी आलो, घरी कोण वाट पाहत आहे, ही संधी पुन्हा मिळेल का? आणि त्यानंतर तो प्रसिद्ध अठरा तासांचा अभ्यास सुरू झाला.

आपले वक्ते ही गोष्ट सांगितलीच तर "मौजमजा सोडली आणि अभ्यासाला लागले" अशी सांगतात. म्हणजे पहिले महिने हा डाग आणि पुढचा अभ्यास ही त्याची धुलाई. आम्हाला हे वाचन पटत नाही. ते महिने काय होते हे समजून घ्यायचे तर आपल्या गावातली रात्र काय होती ते आधी आठवावे लागेल.

गावगाड्यात रात्र कोणाची होती? वतनदार महाराची तर नव्हतीच. अंमलदार गावात आला की त्याची सरबराई, त्याचा घोडा सांभाळणे, रात्री-बेरात्री निरोप घेऊन दुसऱ्या गावाला धावणे, सरकारी टपाल आणि ऐवज पोचवणे ही सगळी वेठ. 1874 च्या वतन कायद्याने ही वेठ 'सेवा' म्हणून कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा त्यांचा मुख्य मुद्दाच हा होता की या नोकरीला तासच नाहीत. एका माणसाच्या नावावर वतन आणि राबायला अख्खे कुटुंब, दिवसरात्र. ज्यांच्या दिवसावर आपली मालकी नव्हती त्यांच्या रात्रीवर कुठून असणार? करमणूकही दुसऱ्यांचीच. तमाशाच्या फडात नाचणारे, वाजवणारे, गाणारे आपले. समोर बसून फेटे उडवणारे दुसरे. रात्रीचे जेवण वाढून आलेल्या शिळ्या भाकरीचे. मैत्री? एका ताटात जेवता येत नाही, एकमेकांच्या घरी झोपता येत नाही, तिथे मैत्री शाळेच्या फाटकापर्यंतच टिकते. आणि शाळेतही गोणपाट वेगळे!

अशा व्यवस्थेतून आलेला बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कमध्ये रात्री दहा वाजता रस्त्यावर चालतो आहे. त्याला कोणी 'कोण रे तू?' विचारत नाही. खाणावळीत तो बसतो तिथेच त्याच्यासमोर ताट येते. एका खोलीत पारशी मित्र आणि तो झोपतात, एकाच छताखाली, आणि सकाळी कोणी खोली धुऊन काढत नाही. ही मौजमजा नव्हे मित्रांनो, समतेचा अंगाने घेतलेला अनुभव आहे हा. पुस्तकात समता वाचणारे पुण्यात तेव्हाही पुष्कळ होते. ती जेवणाच्या टेबलावर आणि झोपायच्या खोलीत पहिल्यांदा भोगणे वेगळे.

अर्थात न्यूयॉर्क म्हणजे स्वर्ग नव्हता. कोलंबिया विद्यापीठाला खेटून हार्लेम आहे, आणि त्याच वर्षांत दक्षिणेतून आलेल्या काळ्या माणसांची ती वस्ती होत चालली होती. काळ्या अमेरिकनाची रात्र तिथे कशी होती हे बाबासाहेबांना कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले, त्यात निग्रो प्रश्नाचे आपण विद्यार्थी राहिलो आहोत असे स्वतःच सांगितले आहे. म्हणजे परक्या शहराने दिलेला मोकळेपणा ते डोळे मिटून घेत नव्हते.

1930 मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी लिहिले की आपल्या आयुष्यातले उत्तम मित्र म्हणजे कोलंबियातले काही सहाध्यायी आणि तिथले थोर प्राध्यापक : जॉन ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन. 1930 म्हणजे महाडचा सत्याग्रह होऊन गेलेला, काळाराम मंदिराचा सुरू झालेला, पहिली गोलमेज परिषदही त्याच वर्षातली. देशभरात नाव झालेले. तरी उत्तम मित्र म्हणून हात जातो तो न्यूयॉर्ककडे! आपल्या देशाने त्यांना तेव्हा काय दिले होते, हे या एका वाक्यात आले. आणि शब्द 'मित्र' आहे, 'गुरू' नाही. प्राध्यापकांनासुद्धा त्यांनी मित्र म्हटले. गुरुचरणांची धूळ कपाळाला लावणाऱ्या परंपरेला ही कल्पनाच झेपणारी नाही.

आता दुसरी बाजू बघा. 1917 साली बाबासाहेब करारानुसार बडोद्याला नोकरीसाठी आले. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे, तो प्रत्येकाने मूळातून वाचावा. ते म्हणतात, युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्याबरोबर ती परत आली, कारण पहिलाच प्रश्न होता : जायचे कुठे? हिंदूंच्या हॉटेलात जागा नाही. ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेला मोठा हॉल, विजेचा दिवा नाही, रखवालदाराने दिलेला छोटा कंदील, अंधारात फडफडणारी वटवाघळे आणि बोलायला कोणी माणूस नाही. दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी काय केले? दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटले, आणि नकार दिला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढले. 

ज्या शहरात आपले कोणीही नव्हते त्या न्यूयॉर्कमध्ये रात्रीला छप्पर होते आणि मित्र होता. ज्या देशात आपण जन्मलो तिथे मित्र असूनही रात्री छप्पर नव्हते. मग परके शहर कोणते म्हणायचे? परदेशात काही वर्षे काढून परत आलेली आपली पोरे इथे घुसमटतात तेव्हा त्यांना 'पाश्चात्त्य झालास' म्हणून टोमणे मारणाऱ्यांनी ही बडोद्याची रात्र समोर ठेवावी.

आता मुळशी. आमच्या तालुक्याच्या इतिहासात परक्या शहरातल्या लांब वास्तव्याची दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आपण बाबासाहेबांच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचली पाहिजे. मुळशी सत्याग्रहाचे नेते पांडुरंग महादेव बापट, ज्यांना मुळशीनेच 'सेनापती' केले, तेही शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेले विद्यार्थी. जन्म 1880, पारनेरचा. डेक्कन कॉलेजातून पदवी आणि 1904 मध्ये मंगलदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनियरिंग शिकायला. तिथे त्यांनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध उघड मांडणी केली आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांचे 'इंडिया हाऊस', जे 1905 मध्ये हायगेट भागात सुरू झाले होते. तिथले सहभोजन, रविवारच्या सभा, रात्री उशिरापर्यंतची खलबते. तिथून पॅरिस. पॅरिसमध्ये बापट आणि बंगालचे हेमचंद्र दास यांनी रशियन क्रांतिकारकांशी मैत्री जोडली, बाँबची कृती मिळवली, रशियनमधून भाषांतर करून घेतली आणि 1908 मध्ये बापट ती घेऊन भारतात आले. पुढे अलीपूर खटल्यात नाव निघाले, काही वर्षे भूमिगत.

बापटांच्या परक्या रात्रींना इतिहासात 'क्रांतिपर्व' म्हणतात. पॅरिसमधल्या कॉफीच्या अड्ड्यावर बसलेला ब्राह्मण तरुण देशभक्त असतो. त्याच वयात परक्या शहरात मित्रांमध्ये बसलेला आपला पोरगा मात्र बिघडलेला ठरतो, आणि हा निकाल देणारे आपल्यातच असतात.

न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांसमोरही हाच रस्ता आला होता. लाला लजपत राय तेव्हा अमेरिकेत होते, प्राध्यापक सेलिग्मन यांच्याशी त्यांचा परिचय होता. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला आपल्या चळवळीत ओढायचा प्रयत्न केला. बाबासाहेबांनी नकार दिला. संस्थानाच्या मदतीवर शिकतो आहोत, तो विश्वास मोडून शिक्षण अर्धवट टाकणार नाही, ही त्यांची भूमिका होती. यावरून अजूनही काही जण बाबासाहेबांच्या देशभक्तीचे मोजमाप काढतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच : शिष्यवृत्ती गमावण्याची किंमत दोघांना सारखी नव्हती. बापटांची शिष्यवृत्ती गेली तर लंडनमध्ये इंडिया हाऊस होते, पुण्यात वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या होत्या, परत आल्यावर नोकरी देणारे 'मराठा'सारखे पत्र होते. घर गरीब असेल, पण दार उघडे होते. बाबासाहेबांची शिष्यवृत्ती गेली असती तर मागे काय होते? परळच्या चाळीतली एक खोली आणि त्यात रमाई, भावाचे कुटुंब, लेकरे. त्या साडेअकरा पौंडांतूनही ते घरी पैसे पाठवत. सगळी उडी मारण्याचे स्वातंत्र्य हीसुद्धा एक मिळकत असते आणि ती वारशाने येते.

बापटांबद्दल आकस ठेवून आम्ही हे लिहीत नाही. माणूस सच्चा होता. मुलाच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत अस्पृश्यांची बसवली आणि हातात झाडू घेऊन रस्ते झाडले. हे त्या काळात सोपे नव्हते. पण झाडू हातात घेणाऱ्या ब्राह्मणाच्या कृतीला व्रत म्हणतात आणि जन्माने झाडू हातात आलेल्याच्या कामाला कामही म्हणत नाहीत, हा फरक बापटांच्या चांगुलपणाने मिटत नाही. (पुण्यातला सेनापती बापट रस्ता आज मॉलने आणि कॉफीच्या दुकानांनी उजळलेला असतो. तिथे रात्री बसणाऱ्या किती जणांना 'एसबी'मधला बी कोण ते माहीत असेल?)

16 एप्रिल 1921. रामनवमीच्या दिवशी मुळशी पेट्यात टाटा पॉवर कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. निळा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यातली सुमारे बावन्न गावे, अकरा हजारांच्या आसपास माणसे. बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी. घोषणा 'जान किंवा जमीन'. मावळ्यांनी, बायाबापड्यांनी बांधकामावर जाऊन झोपून घेतले, मार खाल्ला, तुरुंग भोगला. धरणाविरुद्ध लोकांनी उभा केलेला जगातला पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक याची नोंद घेतात. शेवटी बापटांनी अहिंसेची चौकट सोडली. डिसेंबर 1924 मध्ये हाती शस्त्र घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. पॅरिसच्या रात्रींचे शिक्षण मुळशीत असे शेवटपर्यंत सोबत होते.

लढा हरला, आणि तो का हरला याची चर्चा आपण आंबेडकरी माणसांनी केली पाहिजे, कारण इतरांनी ती अर्धवट ठेवली आहे. पेट्यातल्या कित्येक जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांच्या घशात गेलेल्या होत्या. शेत कसणारा मावळा होता, कागदावरचे नाव सावकाराचे. मोबदल्याचा आकडा वाढला तसा सावकाराचा विरोध विरघळला. 1894 च्या भूसंपादन कायद्याला मालक दिसतो, कुळ अंधुक दिसते आणि भूमिहीन तर दिसतच नाही. 'जान किंवा जमीन' ही घोषणा ज्याच्याकडे जमीन आहे त्याची आहे. ज्याच्याकडे फक्त जान होती त्याने काय म्हणायचे? गावे बुडाली तेव्हा त्यांच्या वेशीबाहेरचे महारवाडे, मांगवाडे आणि रानातल्या कातकऱ्यांच्या झोपड्याही बुडाल्या. मुळशीच्या गौरवगाथेत त्यांना किती ओळी मिळाल्या ते पुस्तके उघडून मोजा. सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांकडे युरोपातली मैत्री होती, क्रांतीचे तंत्र होते, शौर्य तर होतेच. गावातल्या जमिनीचा आणि जातीचा हिशेब मात्र लढ्याच्या मध्यभागी आला नाही.

हे सगळे चालू होते तेव्हा बाबासाहेब कुठे होते? लंडनमध्ये. जुलै 1920 मध्ये ते राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा निघाले होते. आणि इथे नवल भथेना पुन्हा येतो. सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतून साठवलेले थोडे पैसे, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये आणि भथेनाने कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये, यावर ही दुसरी वारी झाली. त्या काळातले पाच हजार! लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या रात्रीच्या गप्पांतून जुळलेली मैत्री सात वर्षांनी लंडनची वाट झाली. लंडनहूनही बाबासाहेबांनी भथेनाला पत्रे लिहून पैशांची अडचण सांगितली आहे. ज्या पारशी समाजातल्या डझनभर लोकांनी बडोद्यात काठ्या उगारल्या, त्याच समाजातला हा मित्र. बाबासाहेबांनी काठी विसरली नाही आणि मित्रही सोडला नाही.

लंडनची दुसरी वारी न्यूयॉर्कसारखी नव्हती. इथे खरोखरच रात्री कोरड्या होत्या. किंग हेन्रीज रोडवरचे 10 नंबरचे घर, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, संध्याकाळी अपुरे जेवण, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खाणे आणि पुन्हा वाचत बसणे. खोलीतल्या सोबत्याने झोपायला सांगितले तर उत्तर हेच की माझ्याकडे झोपायला ना पैसा आहे ना वेळ. जून 1921 मध्ये, म्हणजे मुळशीत सत्याग्रही तुरुंगात जात होते त्याच उन्हाळ्यात, एम.एस्सी. मिळाली. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. (हेच घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. पुढे स्मारकाला येणाऱ्यांच्या गर्दी-गोंगाटाची तक्रार काही शेजाऱ्यांनी केली, प्रकरण ब्रिटिश सरकारपर्यंत गेले आणि 2020 मध्ये परवानगी मिळाली. पापड खाऊन गप्प वाचत बसणाऱ्या भाडेकरूची शंभर वर्षांनी गोंगाटाबद्दल तक्रार होते, याचे आम्हाला हसू येते.)

लंडनच्या मैत्रीबद्दल आपल्याकडे आणखी एक मौन आहे. 1945 साली आलेल्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या बाबासाहेबांच्या जळजळीत इंग्रजी ग्रंथाची अर्पणपत्रिका 'एफ' या आद्याक्षराला आहे. लंडनमधल्या फॅनी फिट्झजेराल्ड यांच्याशी असलेला त्यांचा स्नेह आणि पत्रव्यवहार आता छापील स्वरूपात उपलब्ध आहे. विरोधक यावर चघळत बसतात आणि आपण कानावर हात ठेवतो. का? आपला नेता एका स्त्रीशी बरोबरीच्या नात्याने बोलत होता, राजकारणावर, ग्रंथांवर, एकटेपणावर लिहीत होता, यात लाज कसली? स्त्री-पुरुष मैत्रीला केवळ एकच अर्थ लावणारे डोके मनुस्मृतीच्या शाळेत शिकलेले आहे. 1927 मध्ये महाडला ती जाळल्यावर ते डोके आपण का वागवायचे?

मात्र एक हिशेब आपल्याच बाजूने सरळ मांडायचा राहतो. न्यूयॉर्क-लंडनच्या त्या सगळ्या रात्रींची किंमत परळमध्ये रमाई भरत होत्या. नवरा परदेशात, घरात पैसा नाही, मुले गेलेली. एका माणसाच्या मोकळ्या रात्रीखाली दुसऱ्या माणसाची जागरणे होती. बाबासाहेबांना हे ठाऊक होते. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंना अर्पण केला. परदेशी निघालेल्या प्रत्येक पोराच्या मागे आजही अशी एक आई, एक बहीण असते. फोटोवर टीका करणाऱ्यांनी ही बाजू मांडली असती तर आम्ही मान डोलावली असती. पण ते तिच्याबद्दल बोलत नाहीत, ते फक्त पोराच्या हातातल्या ग्लासाकडे बघतात.

मुळशीच्या धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिरा येथे उतरते. तिथले वीजकेंद्र 1927 मध्ये सुरू झाले आणि वीज गेली मुंबईला. मुंबईच्या रात्री उजळल्या, गिरण्या चालल्या. बुडालेल्या गावांना अंधार. आणि शंभर वर्षांत चक्र पुन्हा तिथेच आले आहे. याच तालुक्यात दासवे गावाच्या जागी इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर 'लवासा' उभारले. म्हणजे परके शहरच उचलून मुळशीत आणले. नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली. डोंगरातल्या आदिवासींच्या जमिनींचे प्रश्न मात्र कोर्टकचेऱ्यांत लोंबकळत राहिले. हिंजवडीत रात्रभर दिवे असतात. धरणाच्या काठच्या रिसॉर्टमध्ये शनिवारी पहाटेपर्यंत संगीत असते. तिथे गेटवर उभा असलेला, टेबल पुसणारा, कॅब चालवणारा कोणत्या वस्तीतून येतो ते आम्ही रोज बघतो. नाइटलाइफ मुळशीत भरपूर आहे. आपले त्यातले काम अजूनही जागल्याचेच आहे.

म्हणूनच परक्या शहरातली एक मोकळी रात्र आपल्या पोरापोरींसाठी क्षुल्लक गोष्ट नाही. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाऊन आलेली एक मुलगी आमच्या अभ्यासवर्गात म्हणाली की तिथे तिला सगळ्यात जास्त काय आवडले, तर रात्री अकरा वाजता लायब्ररीतून एकटीने चालत खोलीवर येणे. आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी विचारले, "बाळा, एवढेच?" ती म्हणाली, "काका, तुम्ही कधी मुलगी म्हणून पिरंगुटच्या फाट्यावर रात्री एसटीची वाट पाहिली आहे का?"

आता या वाटाही आवळल्या जात आहेत. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या 2022 च्या नियमांत असे घातले गेले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशात संशोधन करायला पैसे मिळणार नाहीत. 9 मे 1916 रोजी पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये, डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, 'भारतातील जाती' हा निबंध वाचला होता. एका संस्थानिकाच्या पैशावर गेलेल्या विद्यार्थ्याला जे करता आले, ते प्रजासत्ताकाच्या पैशावर जाणाऱ्याला या नियमाप्रमाणे करता येणार नाही. पोरांच्या रात्रींवर पहारा देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी आधी या नियमाविरुद्ध समाजकल्याण कार्यालयावर किती निवेदने दिली ते सांगावे. यंदाच्या अर्जांची जाहिरात निघाली की पौडला मार्गदर्शन शिबिर घेणार आहोत. पासपोर्ट, उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी प्रमाणपत्र यांची तयारी आत्तापासून ठेवा.

जयभीम.